दातांच्या डॉक्टरांचं देणं

आमचा पाथर्डी तालुका ऊसतोडीचा. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या कारखान्यांवर निघतात. दादांनीही त्या साली मुकादमाकडून उचल घेतली होती. उन्हाळ्यापासून त्यांचा उजवा कान ठणकत होता. थेंब झाले, गोळ्या झाल्या. शेवटी कुणीतरी म्हणालं, दाढेचं असेल, आणि आम्ही दातांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी दाढा पाहिल्या, मग जबड्याखालून दोन बोटं हळूहळू मानेवर आणली आणि एका जागी थांबले.

"ही गाठ दुखते का?"

"नाही."

"म्हणूनच विचारतोय."

जिभेच्या मुळाशी दुखणं असलं की कळ कानात निघते, म्हणाले. दादांना माव्याची सवय होती. सुपारी, तंबाखू, चुना एकत्र घोटलेला हा मावा नगर जिल्ह्यात गल्लोगल्ली मिळतो. तुकडा तपासला, कॅन्सर निघाला.

खेड्यातला रोगी उशिरा येतो, असं सगळे म्हणतात. येतो, खरंय. पण निदानानंतरचा उशीर कुणाच्या नावे मांडायचा? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार मोफत होणार होते, पण रेशन कार्डावर नाव एक आणि आधारवर दुसरंच. ते जुळेपर्यंत पुढचं सगळं अडलं. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2020 साली आलेल्या अभ्यासानुसार डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये रेडिएशन चार आठवडे लांबलं, तर मृत्यूचा धोका साधारण 9 टक्क्यांनी वाढतो. गाठ काही कार्डासाठी थांबत नाही.

आमचे आठवडे वाचवले ते दातांच्या डॉक्टरांनी. रेडिएशनआधी किडलेल्या दाढा काढाव्या लागतात. किरण लागलेल्या जबड्याची जखम भरता भरत नाही, हाड सडू शकतं. दाढा काढल्यावर हिरडी भरायला दोन-तीन आठवडे द्यायचे. एरवी हे सगळ्यात शेवटी कुणाच्या तरी लक्षात येतं, आणि कागद पुरे झालेला माणूस दातांपायी पुन्हा खोळंबतो. यांनी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन लावून विचारलं आणि आमचे कागद फिरत होते तेवढ्यात दाढा काढल्या. मंजुरी आली तेव्हा हिरडी भरलेली होती.

फी त्यांनी पुरेपूर घेतली. बरंच झालं, नाहीतर मी पैशाच्या उपकाराबद्दलच बोलत बसलो असतो. मुकादमानंही उचल पुढच्या हंगामावर टाकली. मुकादमाबद्दल बरं बोलायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

दादा आहेत. तोंडाला कोरड असते, भाकरी कालवणात कुस्करूनच खातात. मावा सुटला.

एकच कान सारखा ठणकत असेल, मानेत न दुखणारी गाठ लागत असेल आणि तीन आठवड्यांत उतार पडला नसेल, तर थेंबांची दुसरी बाटली आणू नका. घसा दाखवा. आणि कार्डावरचं नाव आजच तपासा.