पोटाखालचा पत्रा आणि मार्केट यार्ड

मार्केट यार्ड म्हटलं की आपल्याला काय आठवतं? दसऱ्याच्या आदल्या दिवशीचे झेंडूचे ढीग, घाऊक भावातला हापूस आणि गंगाधाम चौकातलं ट्रॅफिक. पण तुमच्याकडे फोर बाय फोर असेल (किंवा तिच्या ईएमआयखाली दबलेला एखादा मित्र असेल), तर या भागाची आणखी एक ओळख करून घ्यायला हवी. गाडीच्या पोटाखालचं काही तुटलं, सुटलं, गंजलं, तर ते जोडणारे हात इथे सापडतात.

कारण अगदी साधं आहे. रोज पहाटे इथे भाजी, कांदा-बटाटा, गूळ आणि भुसार घेऊन ट्रक-टेम्पोंची रांग लागते. गाड्या भरलेल्या, रस्ते आपल्याला माहीत आहेतच. पाटे तुटतात, चासिसला चीर जाते. टोमॅटो काही स्पेअर पार्टची वाट बघत थांबत नाही, त्यामुळे जे तुटलं ते तिथल्या तिथे उभं करायची विद्या या परिसरात मुरली आहे. जाता जाता, 'टेम्पो' हा आपला शब्द मुळात एका जर्मन ब्रँडचं नाव. १९५८ साली फिरोदियांनी सुरू केलेल्या बजाज टेम्पोमुळे तो इतका मराठी झाला, की कंपनी २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाली तरी टेम्पो टेम्पोच राहिला!

तर, एका मित्राची सेकंडहँड जिप्सी. वेल्ह्याहून मढे घाटाकडे जायचा बेत होता. चेंबर फुटण्याची भीती आपल्या सगळ्यांनाच असते, पण जिप्सीत आणखी एक दुखरी जागा आहे. तिची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते, ती मागे वेगळी, रबरी माउंटिंगवर टांगलेली असते. त्या डब्याला दगड लागू नये म्हणून खाली जाड पत्रा बसवायचा. चार बोल्ट, एका तासाचं काम. तीन बसले. पुढचा डावा नुसताच गोल गोल फिरत राहिला.

आधी कुणीतरी तिरका लागलेला बोल्ट मशिनने दामटला होता. चासिस म्हणजे आतून पोकळ चौकोनी नळी. नट आतल्या बाजूने वेल्ड केलेला असतो, तो सुटला की तिथे ना बोट पोचतं ना पाना. ज्या चकचकीत ॲक्सेसरीजच्या दुकानातून पत्रा घेतला, तिथला सल्ला होता, "तीन बोल्टवर चालतं की!" नाही चालत. साधारण टनभर वजनाची गाडी दगडावर आदळते तेव्हा तो भार पत्र्यातून त्या चार भोकांवर जातो. पुढचा कोपरा लोंबला, तर पत्रा नांगरासारखा जमिनीत घुसतो आणि उरलेले तीन बोल्टही उपटतो. तेही अशा ठिकाणी, जिथे मोबाइलची रेंज शोधायला अर्धा डोंगर चढावा लागतो.

गुलटेकडीच्या बाजूच्या एका गल्लीत मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली आणि सगळ्यात आधी हातोडीने चासिस ठोकून ऐकली. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत, भद्द आला तर आतून गंजलेलं. आवाज चांगला होता. मित्राने घाईत सुचवलं, "पत्राच वेल्ड करून टाका ना." मिस्त्री हसले. "मग उद्या ट्रान्सफरचं ऑइल बदलायला कटर लावणार का, साहेब?"

मग खरं काम सुरू झालं. ग्राइंडरने बोल्टचं डोकं उडवलं, उरलेला तुकडा आणि सुटा नट बाजूला केला. भोक लंबगोल झालं होतं, ते मोठं करून गोल केलं. शेजारच्या लेथवर टोपीसारखी कॉलर असलेला लोखंडी बुश बनवून घेतला, आत दहा एमएमचे, सव्वा पिचचे आटे. कॉलर एक सूत जाड, म्हणजे इंचाचा आठवा भाग. तिच्यामुळे भार एका भोकाच्या कडेवर न येता आजूबाजूला पसरतो. रिव्हेट नट दहा मिनिटांत बसला असता, पण दगडांचा मार खाणाऱ्या जागी मिस्त्रींना तो मान्य नव्हता. मलाही नसता.

वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, कारण इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू असतो. अर्थिंगचा चिमटा जोडापासून वीतभर अंतरावर लावला. ब्रेक आणि पेट्रोलच्या पाइपांवर ओलं बारदान टाकलं (मार्केट यार्डात त्याची काय कमी!). आटे बिघडू नयेत म्हणून बुशात जुना बोल्ट पिळून ठेवला. आधी चार टाके, मग थोडं थोडं, समोरासमोर. पाणी न मारता गार होऊ दिलं, पुन्हा टॅप फिरवला, रेड ऑक्साइड मारलं.

आणि आता खरी मेख. नव्या कॉलरमुळे तो कोपरा एक सूत खाली आला होता. मिस्त्रींनी उरलेल्या तिन्ही जागी तेवढ्याच जाडीचे वायसर घातले. तसं केलं नसतं तर पत्रा पिळला असता आणि पहिल्याच खड्ड्यात नवीन बोल्टवर ताण आला असता. चारही बोल्ट आधी हाताने लावले, मग चौदाच्या पान्याने आळीपाळीने आवळले. बोल्टच्या डोक्यावर ८.८ लिहिलंय ना, तेही बघितलं.

खर्च? चार जणांनी मल्टिप्लेक्सला जाऊन वर पॉपकॉर्न खाल्लं तर येईल तेवढा. रविवारी सकाळी मात्र जाऊ नका, आवक प्रचंड असते. शनिवारी फळ-भाजी विभागाला सुट्टी असते, तेव्हा रस्ते जरा श्वास घेतात. गाडी दिवसभर ठेवावी लागली, तर २०२४ पासून स्वारगेटहून मेट्रो आहेच. आणि काम झाल्यावर शंभरेक किलोमीटर चालवून बोल्ट एकदा परत आवळून घ्या. आमच्या जिप्सीचे दोन बोल्ट पाव-पाव फेरा फिरले. नवा बुशवाला जागचा हलला नाही.