वाफसा

चैत्र हा मोठा लहरी महिना होय. गुढीपाडव्याच्या सकाळी कडुलिंबाची कोवळी पालवी तोंडात घालून माणसे नव्या वर्षाचे स्वागत करतात, तेव्हा पहाटेच्या हवेत फाल्गुनातला गारवा अजून रेंगाळत असतो. पिंपळाला तांबूस पाने फुटलेली असतात, आंब्यावर कैऱ्यांचे घोस लोंबत असतात, आणि दाट पानांत दडून कोकीळ साऱ्या शिवाराला हाका घालीत असतो. पण याच महिन्यात एखादा आठवडा असा उगवतो, की वादळ, विजा, गारा आणि रणरणते ऊन ही सारी त्यात एकामागून एक हजेरी लावून जातात. शहरातील माणूस त्या आठवड्यास 'विचित्र हवा' म्हणून विसरून जातो. शेतकऱ्याला मात्र तो वर्षभर विसरता येत नाही.

सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या काठाने काळ्या, कसदार जमिनीचा पट्टा पसरला आहे. ऊस आणि हळद ही तेथील महत्त्वाची पिके. येथील हळदीची कीर्ती जुनी असून २०१८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु ही पिवळी संपत्ती घरात येईपर्यंत शेतकऱ्याला फार सोसावे लागते. लावलेली हळद आठ-नऊ महिने रानात उभी असते. मग ती खणून काढायची, शिजवायची आणि बारा ते पंधरा दिवस कडक उन्हात वाळवायची. ओल्या हळदीच्या पाच पोत्यांमागे वाळलेल्या हळदीचे जेमतेम एक पोते हाती लागते. इतके पाणी सूर्याने तिच्यातून शोषून घ्यावे लागते. या दिवसांत पावसाने गाठले, तर हळकुंडांचा रंग काळवंडतो, त्यांना बुरशी धरते आणि बाजारात त्यांचा भाव उतरतो.

अशाच एका मळ्यात एक कुटुंब राहत होते. सत्तरी ओलांडलेले आजोबा, ज्यांना घरातील सारेच 'आबा' म्हणत, त्यांचा मुलगा व सून, बारावीची परीक्षा दिलेली थोरली नात आणि सातवीत शिकणारा नातू. त्या वर्षी हळद उशिरा निघाली होती. पाडवा होऊन आठवडा उलटला, तरी अंगणात तिचा पिवळा गालिचा पसरलेला होता. या हळदीच्या पैशावरच नातीचे पुढील शिक्षण ठरायचे होते. म्हणून येता-जाता प्रत्येकाची दृष्टी आधी अंगणाकडे आणि मग आकाशाकडे वळे.

सोमवार उजाडला तोच कोंदट. झाडाचे पान हलत नव्हते. अंगाला घामाची चिकचिक सुटली होती. ओसरीच्या कडेने मुंग्यांची रांग पांढरी अंडी घेऊन भिंतीवर चढताना आबांनी पाहिली आणि ते मुलाला म्हणाले, "आज हळद गोळा करून ठिवा. वळीव येणार." आकाशात ढगाचा ठिपकाही नव्हता. मुलाने मान डोलावली खरी, पण दुपारच्या त्या उन्हात हळद गोळा करण्यास त्याचे मन धजेना.

वळवाचा पाऊस असाच फसवा असतो. पावसाळ्यातला पाऊस पश्चिमेकडून, समुद्रावरून, वर्दी देत येतो. वळीव मात्र दुपार कलता कलता बहुधा पूर्वेकडून उठतो. उन्हाने जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वेगाने वर चढू लागते. समुद्रावरून आलेले थोडेसे बाष्प तिच्यात मिसळलेले असले, की उंच आकाशातील थंडीत त्याचे ढग होतात आणि घटकाभरात ते ढग डोंगराएवढे वाढतात. हा पाऊस एका शिवारात धो धो कोसळतो, तर शेजारच्या शिवारात धूळही बसत नाही.

चार वाजण्याच्या सुमारास पूर्वेच्या क्षितिजावर पिंजलेल्या कापसासारखे ढग दिसू लागले. पाहता पाहता त्यांचे पोट काळेनिळे झाले. धुळीचा एक प्रचंड लोट रस्त्यावरून धावत आला आणि त्याच्या मागोमाग वारा सुटला. घरातील सारी माणसे अंगणात धावली. सुनेने पाटीत हळद भरावी, नातीने ती पडवीत नेऊन ओतावी, मुलाने ताडपत्री ओढावी, अशी एकच धांदल उडाली. निम्मी हळद आत गेली न गेली तोच वाऱ्याने ताडपत्रीचे एक टोक उचलले आणि एखाद्या शिडासारखी ती फुगवून कुंपणावर नेऊन टाकली. लगेच टपोरे थेंब पडू लागले आणि थेंबांच्या पाठोपाठ गारा.

इकडे नातू मात्र आंब्याखाली पोचला होता. वाऱ्याने पडलेल्या कैऱ्या त्याला खुणावीत होत्या. तेवढ्यात डोळे दिपविणारी वीज चमकली. "आरं, झाडाखाली थांबू नगस! घरात पळ!" आबांचा असा करडा आवाज त्याने पूर्वी कधी ऐकला नव्हता. हातातील कैऱ्या टाकून तो धूम पळत आला. उंच झाड हे विजेला निमंत्रणच असते, हे त्याने पुस्तकात वाचले होते. पण कैऱ्या दिसताच पुस्तक विसरले होते! पडवीत बसून तो विजेनंतरचे सेकंद मोजू लागला. आवाजाला एक किलोमीटर अंतर तोडण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. पहिल्यांदा नऊ अंक मोजून झाले तेव्हा गडगडाट ऐकू आला. दुसऱ्यांदा सहाच अंक झाले. तिसऱ्यांदा 'एक' म्हणण्यापूर्वीच कानठळ्या बसल्या आणि मळ्याच्या टोकाला उभे असलेले नारळाचे झाड शेंड्याकडून पेटले. कोणीही काही बोलले नाही. आबांनी नातवाचा हात घट्ट धरून ठेवला होता.

अर्ध्या तासात सारे शांत झाले. अंगणात गारांचा पांढरा थर आणि त्याखालून वाहणारे पिवळे पाणी! सुनेने पदराने डोळे पुसले. आबांनी एक गार उचलून नखाने फोडली. कांद्यासारखे पापुद्र्यावर पापुद्रे तिच्यात होते. ढगातील वाऱ्याने ती वर-खाली फेकली जाताना प्रत्येक फेरीत तिच्यावर बर्फाचे एक पांघरूण चढले होते. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अशाच गारपिटीने महाराष्ट्रातील कितीतरी जिल्ह्यांतील ज्वारी, गहू आणि द्राक्षबागा आडव्या केल्या होत्या. "त्या सालाच्या मानानं हे काहीच न्हाई," एवढेच आबा म्हणाले.

मंगळवारी दुपारी पुन्हा तोच खेळ झाला. गारा तेवढ्या नव्हत्या. भिजलेली हळद पडवीत, ओसरीवर, स्वयंपाकघरातही पातळ पसरली होती. तिचा उग्र वास घरभर कोंदला होता. नात आणि तिची आई दर घटकेला ती हाताने खालीवर करीत होत्या. बुधवारी आकाश मळकटच राहिले. ऊन पडेना, पाऊसही येईना. काळ्या रानात पाऊल घातले, की चिखलाचा शेर-शेराचा गोळा पायाला चिकटे.

त्या संध्याकाळी वेधशाळेचा अंदाज आला. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले होते. पुढे ते दिल्लीला गेले, तरी महाराष्ट्रातील खेड्यांतून 'वेधशाळा' म्हटले, की आजही पुण्याचीच आठवण होते. पूर्वी आकाशवाणीवर कान देऊन ऐकला जाणारा तिचा अंदाज आता मोबाइलवर येतो. गुरुवारपासून आकाश निरभ्र राहील आणि तापमान झपाट्याने वाढेल, असे त्यात म्हटले होते. मुलाला हायसे वाटले. पण आबा म्हणाले, "परवा रानाला वाफसा येईल. ट्रॅक्टर सांगून ठिव. नांगरट उरकून घेऊ."

मुलाने चकित होऊन पाहिले. "आबा, आधी हळद सावरू द्या. रान कुठं पळून जातंय?"

"रान पळत न्हाई," आबा शांतपणे म्हणाले, "वाफसा पळतो."

वाफसा हा शब्द शेतकऱ्याच्या भाषेतील एक अनमोल रत्न आहे. पाऊस पडल्यावर जमिनीतील जादा पाणी निचरून जावे, ओल मात्र शिल्लक राहावी, मातीच्या कणांमधील पोकळीत पाणी व हवा दोन्ही गुण्यागोविंदाने नांदू लागावीत, म्हणजे जमिनीला वाफसा आला. काळ्या जमिनीच्या बाबतीत हा काळ फार थोडा असतो. त्याच्या आधी नांगर घातला तर माती फाळाला चिकटते. तो टळून गेला तर उन्हाने जमीन दगडासारखी होते, तिला भेगा पडतात आणि नांगर वरच्यावर सरकतो. मधले दोन-तीन दिवस तेवढे शेतकऱ्याचे असतात.

गुरुवारची सकाळ धुतलेल्या भांड्यासारखी लख्ख उगवली. एरवी धुरकट दिसणारे लांबचे डोंगर हात लावावा इतके जवळ आल्याचा भास होत होता. कडुलिंबाच्या बारीक फुलांचा मंद सुगंध हवेत दरवळत होता. ऊन प्रथम कोवळे वाटले; दुपारी ते चटका देऊ लागले. हळद पुन्हा अंगणात आली. रात्री मुलाने आपणहून ट्रॅक्टर सांगितला.

शुक्रवारी भल्या पहाटे आबा रानात गेले. मूठभर माती उचलून त्यांनी ती दाबली. तिचा लाडू झाला. तो त्यांनी कमरेच्या उंचीवरून खाली सोडला. जमिनीवर पडताच तो भुसभुशीत होऊन फुटला, आणि तळहाताला मात्र माती चिकटली नाही. "आला," ते म्हणाले. नातवानेही तसाच लाडू करून पाहिला.

मग दिवसभर नांगर चालला. घरची माणसे वाटली गेली होती; अंगणात माय-लेकी हळद हलवीत होत्या, रानात बाप आणि नातू होते. फाळामागे काळी ढेकळे उलटी होऊन पडत होती आणि त्यांच्यामागे गायबगळे, साळुंक्या व कावळे यांची जत्रा लोटली होती. उसाच्या व इतर पिकांच्या मुळ्या कुरतडणारी हुमणीची पांढरी अळी जमिनीच्या पोटात लपून बसते. नांगराने ती वर आणली, की पाखरे तिचा फडशा पाडतात. त्यांच्या चोचीतून सुटलेली उन्हात मरते. हरळीच्या चिवट काशा, लव्हाळ्याच्या गाठी, सारे उघड्यावर पडले होते.

शनिवारी पारा ३९ अंशांवर गेला, रविवारी त्याने चाळिशी गाठली. सोमवारी ज्या आकाशाने गारा फेकल्या होत्या, त्याच आकाशातून आता जणू आग बरसत होती. दुपारी गुरे सावलीला जाऊन धापा टाकू लागली, रस्ते ओस पडले, माठातले पाणी पुरेना. माणसे कपाळावरचा घाम निपटून म्हणत होती, "काय हे ऊन!" पण त्याच उन्हात वर आलेल्या हरळीच्या काशा सुतळीसारख्या वाळत होत्या, आणि अंगणातील हळकुंडे दिवसागणिक कठीण होत होती. रविवारी संध्याकाळी आबांनी एक हळकुंड घेऊन मोडले. खण्णकन आवाज झाला. हळद वाळल्याची ती खूण होती.

नुकसान झाले नाही असे मात्र नाही. वेळीच आत नेलेली हळद आतून केशरी निघाली. भिजलेली मळकट, काळसर झाली होती. ती वेगळ्या पोत्यांत भरली गेली. चांगल्या मालात तिची भेसळ कोणी केली नाही. निम्म्या मालाला कमी भाव मिळणार हे उघड होते. त्या रात्री बाप-लेकीने कंदील विझल्यासारखे चेहरे न करता कागदावर हिशेब मांडला. प्रवेशाची फी भागत होती. वसतिगृहाच्या खर्चाची तजवीज पुढे व्हायची होती. आबांनी हिशेबाच्या कागदाकडे पाहून हलकेच म्हटले, "नांगरट झाली, ती बी त्यात लिहा."

त्यांच्या म्हणण्यात मोठे सत्य होते. ज्या पावसाने हळद काळी केली, त्यानेच जमीन मऊ केली. आणि जे ऊन माणसाला नकोसे झाले, तेच हळद वाळवीत होते आणि रान निर्मळ करीत होते. एवढेच नव्हे, तर चैत्र-वैशाखात भूमी अशी तापते म्हणूनच तिच्यावरील हवा विरळ होते, वायव्येकडे कमी दाबाचे क्षेत्र निर्माण होते आणि समुद्रावरील बाष्पाने भरलेले वारे देशाकडे ओढ घेतात. साधारणपणे १ जूनच्या सुमारास ते केरळच्या किनाऱ्यावर पोचतात आणि मग मृगाच्या सरींची वाट पाहणारा महाराष्ट्र पेरणीस सज्ज होतो. त्या पेरणीची सुरुवात मृगात होत नाही. ती चैत्रातल्या अशा एखाद्या वाफशात झालेली असते.

वादळ येऊन गेल्यावर हानीकडे पाहत बसणे सोपे असते. डोळे पुसून, मूठभर माती दाबून पाहणे कठीण असते. कारण संकटामागून येणारी कामाची वेळही वाफशासारखीच थोडी असते. ती कोणासाठी थांबत नाही.

सोमवारी सकाळी नातू शाळेस निघाला, तेव्हा नांगरलेल्या रानाजवळ क्षणभर थांबला. एका ढेकळावर त्याने तळवा ठेवला. सकाळच्या वेळीही ते कोमट होते. मळ्याच्या टोकाला नारळाचा जळका बुंधा उभा होता, आणि त्याच्या पलीकडे आकाश निळे, स्वच्छ, निरभ्र होते.