गंगेला पाणी किती?

रविवारी गळ घेऊन निघायचं असलं की शनिवारी रात्री माझा फोन मामांना जातो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पाणी किती आहे? मासा लागतोय का, हे नंतर. पहिल्या उत्तरावरच पुष्कळदा बेत मोडतो, मग दुसरा प्रश्न विचारायची वेळच येत नाही.

मामा पैठणच्या खालच्या अंगाला, गंगथडीच्या एका गावात राहतात. जातीने भोई, सारी हयात जाळ्यावर गेलेली. माझं त्यांचं नातं गळापुरतंच, पण आता ते मला घरच्या भाच्यासारखंच रागावतात. मी वाळूजच्या एका कारखान्यात पाळीने काम करणारा माणूस. संभाजीनगरहून पैठण पन्नासेक किलोमीटर. एवढ्या अंतरात आभाळाचा रंग बदलतो, पण गंगेच्या पाण्याचा अंदाज आभाळावरून बांधायचा नसतो, ही मामांची पहिली शिकवण.

कारण ही नदी धरणाखालची आहे. लालबहादूर शास्त्रींनी 1965 मध्ये पायाभरणी केलेलं आणि इंदिरा गांधींच्या हस्ते 1976 मध्ये लोकार्पण झालेलं जायकवाडी धरण, त्याची दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत आणि 27 दरवाजे. पैठणच्या खाली नदीला किती पाणी असणार, ते हे दरवाजे ठरवतात. दरवाजे कधी उचलायचे, हे वरून येणारं पाणी ठरवतं. ते पाणी पडतं कुठे? त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या डोंगरात. गंगापूर, दारणा धरणांतून सुटून नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून ते वैजापूर तालुक्यात नागमठाणला येतं. भंडारदरा, निळवंड्याचं पाणी प्रवरेतून कायगाव टोक्याला येऊन मिळतं. पैठणला पेरणी खोळंबलेली असते, ढेकळं तापलेली असतात आणि गंगा मात्र दुथडी वाहत असते. असे कितीतरी श्रावण आम्ही पाहिलेत.

धरणाच्या पाण्याचा रोजचा तपशील सकाळी मोबाइलवर फिरत येतो : पाणीपातळी फुटांत आणि मीटरमध्ये, एकूण साठा, उपयुक्त साठा, टक्केवारी, आवक, विसर्ग. लोक टक्केवारी वाचतात आणि फोन खिशात टाकतात. शहराला प्यायचं पाणी मुख्यतः नाथसागरातून, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयातून येतं, तेव्हा शहरवाल्याला टक्केवारी पुरेशी आहे. मासेमाराने मात्र तिच्यावर विसंबू नये. धरण 90 टक्के भरलंय की 40, याने खालच्या पात्रात पाणी किती ते कळत नाही. ते विसर्गाच्या ओळीत कळतं. आणि उद्या किती असेल, ते आवकेच्या ओळीत.

पुष्कळ जण आणखी एका ठिकाणी फसतात. धरण शंभर टक्के म्हणजे 1522 फुटांना भरल्याशिवाय दरवाजे उघडत नाहीत, अशी त्यांची पक्की समजूत असते. तसं नाही. पावसाळ्यात कोणत्या तारखेला किती पातळी ठेवायची, याची परिचलन सूची असते. पुढच्या पुरासाठी जागा राखायची म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये धरण पूर्ण भरायच्या आतही पाणी सोडतात. 2025 मध्ये जुलै सरता सरताच दरवाजे उचलले गेले होते.

आकडे मी पाठ केलेत, कारण नदीकाठी त्यांचा उपयोग होतो. नुसता जलविद्युत केंद्रातून विसर्ग सुरू असला तर तो साधारण 1589 क्युसेक असतो. एक दरवाजा अर्धा फूट उचलला की 524 क्युसेक. नेहमीचे 18 दरवाजे अर्धा-अर्धा फूट उचलले की 9432. उरलेले 9 आपत्कालीन. त्यांना हात लागला म्हणजे पुराची गोष्ट सुरू झाली. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटर. अर्ध्या फुटाच्या त्या फटींतून सेकंदाला अडीच लाख लिटरांहून अधिक पाणी खाली निघतं. ‘अर्धा फूट’ ऐकून हसणाऱ्याला मी हा हिशेब सांगतो.

पण आकडा काठावर उतरवून घ्यावा लागतो, आणि ते काम मामांचं. पैठणच्या नाथघाटावर पायऱ्या मोजायच्या. आपल्या गावाच्या काठावर बाभळीची ठरलेली मुळी बघायची, ती पाण्याच्या किती बोटं वर आहे ते पाहायचं. मामा काठावर पोचले की आधी गळ सोडत नाहीत. तुराटीची एक काडी मोडतात, पाणी जिथे जमिनीला लागलंय तिथे रोवतात, तिला नखाने खूण करतात. दुसरी काडी वीतभर वर, कोरड्यात. मग थर्मासमधला चहा. चहा संपेतो काडीकडे बघायचं नाही, असा त्यांचा दंडक. सारखं बघत राहिलं की पाणी चढताना दिसत नाही, असं ते म्हणतात.

काही वर्षांपूर्वीची ऑगस्टची एक सकाळ. ऊन लख्ख, ढगाचा ठिपका नाही. रात्रीच्या संदेशात विसर्ग फक्त वीजकेंद्राचा होता. पात्रातल्या खडकाच्या एका ओट्यावर कॉलेजची तीन पोरं गळ टाकून बसली होती. घोट्याएवढ्या पाण्यातून चालत गेली असणार. आम्ही काठाशी बसलो. चहा अर्धा झाला नसेल, मामांनी कप खाली ठेवला. काडी अजून जागेवर होती, खूण बुडायला दोन बोटं बाकी होती. ते बघत होते काडीच्या अलीकडे, काळ्या मातीला पडलेल्या भेगांकडे. काठालगतच्या भेगेतून बारीक बुडबुडे येत होते. एक, मग ओळीने चार-पाच. पाणी आतून भेगेत शिरत होतं आणि हवा बाहेर ढकलत होतं. भेगेतल्या मुंग्या अंडी तोंडात धरून वर निघाल्या होत्या. मग पाण्यावर काटक्या, वाळलेलं गवत, शेणाच्या गोवरीचा तुकडा असं काहीबाही तरंगत यायला लागलं. कोरड्या काठावरचा कचरा पाणी उचलू लागलं, म्हणजे ते चढतंय.

मामा उभे राहून ओरडले, “पोरांनो, उठा रे! पाणी चढायलंय!”

“मामा, आभाळ तर कोरडंय!” तिकडून उत्तर आलं.

“आभाळाचं काय घेऊन बसलास? हे पाणी नाशिकचंय! सामान राहू दे, आधी तुम्ही या!”

पोरं कुरकुरत उठली. जाताना घोट्याला लागलेलं पाणी येताना मांडीला लागत होतं, आणि शेवटचा मुलगा दोघांचे हात धरून कसाबसा काठाला आला. आमची पहिली काडी तोवर दिसेनाशी झाली होती. आम्ही बसलो होतो त्या खोलगटात फोनला रेंज नव्हती. वर रस्त्यावर आलो तेव्हा दरवाजे उचलल्याचा संदेश दिसला, आणि तो कधीच पाठवलेला होता. थोड्या वेळाने मागे वळून पाहिलं, तर तो ओटा पाण्याखाली गेला होता. पोरांना मामांनी घरी नेऊन भाकरी खाऊ घातली आणि जेवताना पोटभर शिव्याही दिल्या. त्या शिव्यांबद्दल मला आजही मामांविषयी आदर वाटतो.

तेव्हापासून माझ्या मनात पक्कं बसलंय : पाणी किती आहे, याहून ते कुठे निघालंय हे महत्त्वाचं. चढतं पाणी गुडघ्याएवढं असलं तरी उठायचं. उतरतं पाणी कमरेएवढं असलं तरी काठावर बिनघोर बसावं, आत उतरू मात्र नये. आणि मासाही उतरत्या पाण्यातच लागतो. पाणी चढताना मासा पसरतो, बुडालेल्या गवतात, ओढ्यांच्या तोंडात चरायला शिरतो. गळाला कोण विचारतो? पाणी ओसरायला लागलं की तोच मासा त्या गवतातून धारेकडे परततो, आणि ओढा गंगेला मिळतो त्या तोंडाशी वाम, मरळ हमखास मिळतात. मामा गुडघाभर पाण्यात उभे राहून स्वतःच्या पायाची बोटं दिसतात का बघतात. दिसली नाहीत तर गांडूळ लावायचं, शिंगाडा आणि वाम वासावर येतात. बोटं दिसू लागली की कणकेची गोळी; मग चिलापी, नशीब असलं तर रोहू.

आपेगाव आणि हिरडपुरीच्या बंधाऱ्यांमुळे मात्र हिशेब थोडा चकवतो. बंधाऱ्याचे दरवाजे बंद असले की मागे फुगवटा राहतो. काठावर पाणी भरपूर, आणि धार नाही. दरवाजे उघडले की तेच काठ एका रात्रीत उघडे पडतात. म्हणून विसर्गाचा आकडा एकच असला, तरी आपेगावच्या वर आणि खाली काडी वेगळं बोलते.

सगळ्यांत जास्त भीती मला वाटते ती वाळूच्या खड्ड्यांची. गोदापात्रातला वाळूचा उपसा काय आहे, ते पैठण-गेवराईच्या माणसाला सांगायला नको. एके काळी इथे सपाट वाळूवरून पलीकडे चालत जायचे. आता पात्रात पुरुष-दोन पुरुष खोल खड्डे आहेत, आणि वर पाणी असलं की सगळं सारखंच दिसतं. पाणी मांडीएवढं आहे, असा अंदाज तिथे काही कामाचा नाही, कारण पुढचं पाऊल कुठे पडेल ते पाण्याची पातळी सांगत नाही. यावर एकच उपाय आहे. मे महिन्यात, पात्र उघडं असताना, ते चालून बघायचं. खड्डा कुठे, खडक कुठे, खूण म्हणून काठावरचं कोणतं झाड. मामा आणि मी दर उन्हाळ्यात हे करतो.

2025 च्या सप्टेंबरने ती सगळी ओळख पुसून टाकली. त्या वेळी नाशिकवर बोट दाखवायची सोय राहिली नव्हती, मराठवाडाच पावसाखाली होता. महिन्याच्या अखेरीस जायकवाडीतून तीन लाख क्युसेकच्या वर पाणी सुटलं. तोवर पैठणात पुराचं माप म्हणजे 2006, अडीच लाख क्युसेकचं. म्हातारी माणसं त्या सालाची रेघ भिंतीवर दाखवायची. मामांचं घर आधीच रिकामं झालं होतं. जनावरं पाहुण्यांकडे, माणसं वरच्या वस्तीवर. मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, “भाऊ, आज पाणी किती ते विचारू नको.” पाणी उतरल्यावर गेलो तेव्हा हातात गळ नव्हते, कळकाची काठी होती. आमचा ओळखीचा खडक गाळाखाली, जुने खड्डे काही भरलेले, काही सरकलेले, बाभळ मुळासकट गेलेली. अर्धा दिवस आम्ही काठीने तळ चाचपत फिरलो आणि नव्या खुणा ठरवल्या.

या सगळ्यात एक गोष्ट मला बोचते. नदीकाठच्या घरांसाठी पाटबंधारे खातं निळी आणि लाल पूररेषा आखतं, ते योग्यच आहे. पण रोज पाण्यात उतरणाऱ्या माणसासाठी, जाळंवाला असो, धुणं धुणारी बाई असो की नाथषष्ठीला आलेला वारकरी, काठावर एकही रेष नाही. क्युसेकचा आकडा मोबाइलवर येतो, आणि मोबाइल पाण्यापासून जपून घरी ठेवलेला असतो. घाटाच्या पायऱ्यांवर, पुलाच्या खांबावर रंगाचे पट्टे हवेत : वीजकेंद्राचं पाणी इथवर, अर्धा फूट दरवाज्याचं इथवर, याच्या वर कुणी पात्रात थांबायचं नाही. कोणत्या पाण्याला कोणती पायरी बुडते, हे गंगथडीच्या प्रत्येक गावात दोन-तीन माणसांना तोंडपाठ आहे. त्यांना विचारून, विसर्गाच्या नोंदींशी ताडून पाहिलं तर एका पावसाळ्यात हे काम होईल. आमच्या गावच्या घाटापुरतं मामांनी सांगायचं कबूल केलंय, सरपंचांशी बोलणं झालंय, रंग मी संभाजीनगरहून नेणार आहे. उन्हाळ्यात पायऱ्या कोरड्या असतात तेव्हाच ते उरकून घ्यायचं ठरलंय.