आमच्या खाली कोण राहतं?

समुद्राला मिळालेलं पाणी म्हणजे वाया गेलेलं पाणी, असं मी पन्नाशी उलटेपर्यंत मानत आलो. आखाडा बाळापूरच्या शिवारात, कयाधूकाठी हळद पिकवणाऱ्याला उन्हाळ्यात कोरडं पात्र बघून वेगळं काही सुचतही नाही. आमच्या वरच्या अंगाला खरबीहून कयाधूचं पाणी इसापूर धरणाकडे वळवायचं घाटलं, तेव्हा आम्ही खालच्या गावांचा हक्क म्हणून भांडलो. ते भांडण खरंच होतं. पण आमच्याही खाली कोणी राहतं, हा विचार मला शिवला नव्हता. न्याय मी माझ्या बांधापर्यंतच मोजत होतो.

मग एकदा आंध्रच्या किनाऱ्यावर अंतर्वेदीचं दर्शन करून काकीनाड्याकडे गेलो आणि कोरिंगाच्या खारफुटीत शिरलो. ओहोटी होती. लाकडी वाटेखाली मुळं उघडी पडलेली. मी वाकून चिखल उचलला. काळा, चिकट, नखात बसला की निघेना. हळद काढताना हाताला लागतो तसा. नाववाल्याने मोडक्या हिंदीत गाव विचारलं. मी हिंगोली म्हणालो, त्याला कळेना. मग नद्याच सांगत गेलो: कयाधू पैनगंगेला, पैनगंगा वर्धेला, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला. गोदावरी म्हणताच तो चिखलाकडे बोट दाखवून म्हणाला, हे तुमच्याकडूनच येतं. आता कमी येतं.

खारफुटीतला गाळ तसाही काळा असतो, हे मला ठाऊक आहे. तरी दख्खनच्या काळ्या दगडाची झीजही वाहून आणून गोदावरीने हा मुलूख रचला, हे खोटं नाही. नदीचं गोडं पाणी घटलं की खारं पाणी आत चढतं, मासळीची पिल्लं वाढायची जागा बिघडते, हे तो सांगत होता आणि मी मान खाली घालून ऐकत होतो. पुढे उप्पाडा गावात समुद्राने गिळलेल्या घरांच्या भिंती पाहिल्या. त्याला कारणं अनेक आहेत, पण धरणांत अडकलेला गाळ त्यातलं एक आहेच. १९८० साली बच्छावत लवादाने गोदावरीचं पाणी राज्यांना वाटून दिलं. खाडी आणि तिथले कोळी त्या वादात पक्षकार नव्हते. मीही त्यांना कधी धरलं नव्हतं.

सप्टेंबर २०२४ च्या पुरात आमच्याकडच्या जमिनी खरडून गेल्या. ती माती खाली कुणाच्या तरी कामी येईल, असं म्हणण्याइतकं मोठं मन माझं नाही. माती शेतातच राहावी. पण नदीत आलेला गाळ आणि पुराचा काही हिस्सा धरणांनी पुढे जाऊ द्यावा, हे मी आता गावात बोलतो.

खरबीला माझा विरोध कायम आहे. बैठकीत मी उप्पाड्याचं नाव काढलं, तर एकाने विचारलं, त्या कोळ्यांसाठी तू तुझी मोटार बंद ठेवशील का? माझ्या मोटारीने तिथवर काही फरक पडत नाही, असं सांगून सुटता आलं असतं. चार दिवस ठेवीन, म्हणालो. हळद माना टाकायला लागली तर काय करीन, ते अजून मला सांगता येत नाही.