गाव भरला तरी खानावळ बंदच

देवगडहून मालवणला जायचं तर ते सागरी रस्त्यानेच, असं माझं ठाम मत आहे. महामार्गाने तास वाचतो म्हणतात; वाचवलेल्या त्या तासाचं पुढे कुणी काय केलं हे मात्र मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. कुणकेश्वर, मिठबाव, मुणगे, आचरा अशी गावं ओलांडत हा रस्ता जातो, मध्येच समुद्राकडे उतरतो, खाडीवरून पलीकडे जातो आणि पुन्हा आमराईत शिरतो. पौषातला थंडगार उजेड होता, कलमांना मोहोर धरला होता आणि गाडी माझा भाचा चालवत होता. विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर हे सगळं छान झालं. त्याबद्दल इथे लिहीत नाही, कारण मला सांगायचंय ते आचऱ्याच्या जेवणाबद्दल.

किनाऱ्यावर हल्ली जागोजाग मिळणारी मत्स्यथाळी मला मनापासून आवडत नाही. रव्यात घोळवलेला सुरमईचा तुकडा, सगळीकडे एकाच चवीचं लाल कालवण आणि बिटाने रंगवलेली सोलकढी. बांगडा मागितला तर वाढणारा मुलगा आपल्याकडे कीव आल्यासारखा बघतो. माझ्या लेखी बांगड्याइतका चवीचा मासा या किनाऱ्यावर दुसरा नाही आणि तो तिरफळ घालून केलेल्या तिखल्यातच खावा. कणकवलीच्या एका मैत्रिणीने सांगून ठेवलं होतं, की आचऱ्यात एक काकी घरीच खानावळ चालवतात, त्यांच्यासारखं तिखलं दुसरीकडे मिळायचं नाही. मुणगे मागे पडल्यावर भाच्याने फोनमधल्या नकाशावर ती खानावळ शोधली. नाव होतं, फोटो होता, चांगले अभिप्राय होते आणि नावाखाली तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘कायमचे बंद’.

“मावशी, बंद झालीय. सरळ मालवणला जाऊ या.”

मी त्याला गाडी थांबवायला लावली. रस्त्याकडेच्या किराणा दुकानातल्या मुलाला विचारलं, तर त्याने वजनाच्या काट्यावरून मान वर न काढताच सांगितलं, “काकी? आसा ना. देवळाकडसून खाली जावा.”

जांभ्या दगडाचा गडगा, सारवलेलं खळं, खळ्यावर झावळ्यांचा माटव, पडवीत दोन लाकडी बाकं. कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेला पत्र्याचा फलक होता. पावसाळ्यात आत आणलेला, तो तसाच आत राहिला होता. मागच्या दाराने धूर येत होता. आम्ही हाक मारली तशी हात पुसत काकी बाहेर आल्या.

“खंयसून इलात?”

पुण्याहून म्हटलं आणि जेवण मिळेल का, असं विचारलं. खानावळ बंद झाली असं फोनमध्ये दिसत होतं, तरी म्हटलं बघून यावं, हेही सांगून टाकलं.

“बंद? मी हयसरच आसंय मगे! कोणी सांगल्यान बंद?” त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, “बसा. बांगड्याचा तिखला आसा, भाकरी करतंय. पाच मिन्टां.”

पाच मिनिटांचा पाऊण तास झाला आणि तो पाऊण तास मी त्यांच्या चुलीशी बसून काढला. तांदळाच्या पिठाची उकड त्या गरम असतानाच मळत होत्या, बोटं भाजतात म्हणून मध्येच पाण्यात बुडवत होत्या. भाकरी परातीत नुसत्या तळव्याने थापायची, पाण्याचा हात फिरवून तव्यावर टाकायची, मग निखाऱ्यावर टम्म फुगवायची. तिखलं मातीच्या भांड्यात होतं. खोबरं अगदी बेताचं, मिरची भरपूर, आंबटपणाला सोलं आणि शेवटी ठेचलेली तिरफळं. तिरफळाचा वास माशाच्या वासाला उठू देत नाही. जिभेच्या टोकाला किंचित बधिरपणा येतो आणि त्यातून मग बांगड्याची गोडी कळते. सोबत उकड्या तांदळाचा भात आणि पांढुरक्या गुलाबी रंगाची खरी सोलकढी. मी आयुष्यात खाल्लेल्या चांगल्या जेवणांत ते जेवण वरच्या रांगेत बसेल. भाच्याने चौथी भाकरी मागून घेतली.

खाता खाता त्याने फोन काढला आणि ‘बंद’ची ती नोंद कधीच्या सुमारास पडली असेल याचा शोध सुरू केला. शेवटचे अभिप्राय एका मार्गशीर्षाच्या जरा आधीचे होते. तो महिना ऐकल्याबरोबर काकींना उलगडा झाला.

“ती गावपळण!”

गावपळणीबद्दल मी वाचलेलं होतं, पण जिने ती पाळली तिच्या तोंडून ऐकणं वेगळंच. काही वर्षांनी एकदा आचऱ्याचं ग्रामदैवत रामेश्वर याला कौल लावतात. देवाने होकार दिला की ठरल्या दिवशी अख्खा गाव वेशीबाहेर जातो. म्हातारी माणसं, तान्ही पोरं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. घरांना कुलपं लागतात, चुली विझतात. तीन दिवस आणि तीन रात्री लोक शेजारच्या गावांच्या हद्दीत झोपड्या बांधून राहतात. तिथेच स्वयंपाक, तिथेच भजनं, गप्पा, खेळ. नंतर पुन्हा कौल लावायचा आणि देवाने परवानगी दिली की गाव भरायचा. चिंदर आणि वायंगणी या शेजारच्या गावांतही ही प्रथा आहे. भुताखेतांची गोष्ट सांगून तिची बोळवण करणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र त्यात गावाने स्वतःला दिलेली सक्तीची विश्रांती दिसते. श्रीमंत-गरीब सगळे एकाच माळावर झावळ्यांखाली झोपतात, आणि त्या तीन दिवसांत विहिरींना, वाटांना, जमिनीला माणसाचा उपद्रव नाही.

“देवान सांगल्यान भायर जावा, आमी गेलंव. कौल झालो, परत इलंव,” काकी म्हणाल्या. त्या तीन दिवसांत कुणी तरी प्रवासी खळ्यापर्यंत आला असणार. दाराला कुलूप, चूल थंड, शेजारीपाजारी माणूस नाही, कुत्रंसुद्धा भुंकायला नाही. त्याने फोनवर बदल सुचवला, बंद, कायमचं. दुसऱ्या कुणी तरी त्याला दुजोरा दिला असेल. गाव चौथ्या दिवशी भरला. खानावळ नकाशात बंद पडली ती पडलीच.

नंतर त्या जे बोलल्या ते मला अजून बोचतं. “गाडयो येवच्यो बंद झाल्यो. माका वाटला, माझ्याच हाताची चव गेली.” आधी त्यांना वाटलं, लोक आता तिकडे तारकर्लीलाच जेवत असतील. मग त्यांनी मसाला बदलून पाहिला. भाच्याने पडवीतल्या फलकाबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, येतच कोण होतं म्हणून लावायचा? मासेवालीकडून पूर्वी त्या चार-पाच वांटे घ्यायच्या, आता दोन घेत होत्या. गावातली माणसं आणि ओळखीचे चाकरमानी येत, म्हणून चूल चालू होती. खानावळ नकाशावर घातली होती मुंबईला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने. गणपतीत तो घरी येतो. नकाशा बघून आपल्या घरी कोण येतं? तेव्हा त्यालाही कळलं नव्हतं. एका अनोळखी बोटाच्या दाबाने एका बाईचं उत्पन्न निम्म्यावर आलं होतं आणि दोष ती स्वतःच्या हाताला देत होती.

मालवणला पोहोचल्यावर रात्री भाचा या विषयातच अडकला होता आणि मीही. त्याने सांगितलेल्या दोन गोष्टी मी मुद्दाम लिहून ठेवल्या. २०११ साली अमेरिकेत चालू धंदे नकाशावर बंद दिसण्याची तक्रार इतकी वाढली, की माइक ब्लूमेंथल नावाच्या सल्लागाराने गूगलचं माउंटन व्ह्यू इथलं स्वतःचंच कार्यालय कायमचं बंद झाल्याचं कळवून टाकलं, आणि ते काही काळ तसं दिसलंसुद्धा. दुसरी गोष्ट व्हर्जिनियातल्या ग्रेट फॉल्स गावच्या ‘सर्बियन क्राउन’ या उपाहारगृहाची. चाळीसेक वर्षं चाललेलं ते ठिकाण शनिवारी, रविवारी आणि सोमवारी बंद असतं, अशी नोंद नकाशावर लागली, म्हणजे ऐन गिऱ्हाइकाचे दिवस. मालक वयस्कर, इंटरनेटच्या वाटेला न जाणारे. एका जुन्या गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं तेव्हा त्यांना पत्ता लागला. २०१३ मध्ये ते उपाहारगृह बंद पडलं आणि मालक कोर्टात गेले. आचरा आणि व्हर्जिनिया यांच्यात सात समुद्र आहेत, पण दोन्हीकडे ज्याचा धंदा होता त्यालाच सगळ्यांत शेवटी कळलं.

करोनाच्या काळात, २०२० मध्ये, ‘तात्पुरते बंद’ ही सोय ठळकपणे आली. चांगली गोष्ट. पण कुलपासमोर उभ्या राहिलेल्या परक्या माणसाला तात्पुरतं आणि कायमचं यातला फरक कळायचा कसा? कोकणात धंदा बंद राहायला किती तरी कारणं आहेत. पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवतात, मासेमारीवर बंदी असते, किनाऱ्यावरचे मांडव काढलेले असतात. गणपतीत घरच इतकं भरलेलं असतं की बाहेरच्याला जेवू कोण घालणार? घरात कुणी गेलं तर सुतक असतं. दुपारी दोन ते चार तर सगळं मालवण झोपलेलं असतं आणि ते झोपावंच. यातलं काहीच कुलपावर लिहिलेलं नसतं. शेजारच्या घरात मात्र सगळ्यांना माहीत असतं.

नकाशा लोकांनी भरायचा या कल्पनेच्या मी विरोधात नाही. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला. भाचा त्यात नोंदी करतो. त्यांच्यात पाळला जाणारा एक दंडक मला फार पटला : जागेवर प्रत्यक्ष जे आहे ते लिहायचं. बंद पडलेलं दुकान तिथे लगेच पुसत नाहीत, ते वापरात नसल्याची खूण करतात. खात्री नसेल तर नुसती टीप ठेवायची, म्हणजे जवळचा कुणी तरी जाऊन बघून येतो. उघडण्याच्या वेळांत महिने आणि सुट्याही लिहिता येतात. पावसाळ्यात बंद असणारं ठिकाण पावसाळ्यात बंद आहे एवढंच तो नकाशा सांगू शकतो. अर्थात सांगणारा माणूस तिथे पोहोचला पाहिजे, आणि आचऱ्याच्या त्या खानावळीचा त्यात ठिपकासुद्धा नव्हता. भाच्याने तो त्याच रात्री घातला.

ज्या नकाशावर सगळी दुनिया अवलंबून आहे, त्यात दुरुस्ती करणं मात्र सोपं गेलं नाही. खळ्यातच त्याने ‘हे ठिकाण चालू आहे’ असं कळवलं होतं. पडवीतला फलक काकींनी ओल्या फडक्याने पुसून दिला, तो गडग्याला टांगला, त्याचा फोटो, चुलीचा फोटो, ताटाचा फोटो. उत्तर आलं, तुमची सूचना तपासली जात आहे. दुसऱ्या दिवशी ती नाकारली गेली. बंद करायला कुलूप पुरलं होतं, उघडायला पेटलेली चूल पुरेना. मालकाने स्वतः खातं घेऊन पडताळणी करावी, तर त्यासाठी फलक, दार, आतली जागा असं सलग चित्रीकरण करून पाठवावं लागतं, आणि खळ्यात धड रेंज येत नाही. मी मुंबईच्या मुलाला फोन केला. तो आधी गप्प झाला, मग म्हणाला, शिमग्याला येतो तेव्हा हेच पहिलं काम. तोवर मी आणि माझ्या ओळखीच्या ज्या ज्या लोकांनी तिथे कधी जेवण केलं होतं, त्या सगळ्यांनी एकामागून एक ‘चालू आहे’ असं कळवत राहायचं ठरवलं. फाल्गुन लागता लागता तांबडी अक्षरं गेली. कुणाच्या कळवण्याने गेली हे सांगता येणार नाही.

निघताना काकींनी भाच्याला विचारलं होतं, पुढच्या गावपळणीला काय करायचं? त्याने त्यांना खडूने दारावर ‘गावपळण, चार दिवसांनी या’ असं लिहून ठेवायला सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. गाव सोडताना मागे काही निरोप ठेवायचा नसतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. “तुमच्या मोबाईलाक तुमीच सांगा, गाव भरलो म्हणान.” आणि तो त्यांचा हक्कच आहे. देवाच्या कौलाने तीन दिवस बाहेर पडणाऱ्या बाईने नकाशाची परवानगी का म्हणून काढावी?

सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली, निवती झालं. वेंगुर्ल्यात खाजं आणि काजू घ्यायला एका जुन्या दुकानाशी गेलो तर शटर ओढलेलं आणि फोनमध्ये पुन्हा तीच तांबडी अक्षरं. मी काही म्हणायच्या आत भाचा गाडीतून उतरला आणि शेजारच्या शिंप्याकडे गेला. शिंप्याने मशिनीवरचं कापड सोडलं नाही.

“कालच तेंच्या चेडवाचा लगीन झाला. सोमवारी उघडतले.”

आम्ही सोमवारपर्यंत वेंगुर्ल्यात राहिलो.