परंड्याचा किल्ला आणि मुलांच्या हातातली छर्‍यांची बंदूक

बार्शीहून एसटीने परंड्याला उतरले की किल्ला शोधावा लागत नाही. डोंगर नाही, चढण नाही. सपाट जमिनीवर रुंद खंदक, त्यामागे दुहेरी तट आणि बुरूज. बहमनी काळातला हा भुईकोट महमूद गावानच्या नावाशी जोडला जातो. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशाहला गादीवर बसवले आणि काही काळ निजामशाहीची राजधानी परंड्यात होती.

आत जुनी मशीद आहे, हमामखाना आहे, पायऱ्यांची विहीर आहे. मुले मात्र थेट बुरुजावरच्या तोफांकडे धावतात. विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफही एकेकाळी इथेच होती. १५४९ मध्ये मुहम्मद बिन हसन रूमी याने ती अहमदनगरात ओतली आणि १६३२ मध्ये ती परंड्याहून विजापूरला नेली. बत्ती दिल्यावर तोपची शेजारच्या हौदात बुडी मारत असे, असे विजापुरात सांगतात. म्हणजे तोफ चालवणाराही आधी स्वतःला कसे वाचवायचे ते ठरवून ठेवी.

ईदनंतर अशा ठिकाणी कुटुंबे सहलीला निघतात. ईदीच्या पैशांतून घेतलेली प्लास्टिकच्या छर्‍यांची बंदूक मुलांच्या हातात असते. तोफा पाहिल्या की लगेच ‘लढाई’ सुरू होते. इथे धोके दोन. नेम धरून मागे सरकणाऱ्या मुलाला बुरुजाची कड दिसत नाही. आणि छर्रा डोळ्याला लागला तर आत रक्तस्राव होऊन नजर जाऊ शकते.

हाच खेळ मोठे लोक ‘एअरसॉफ्ट’ म्हणून मैदानावर खेळतात. १९७० च्या दशकात तो जपानमध्ये सुरू झाला. छर्रा ६ मिलिमीटरचा असतो. ०.२० ग्रॅमचा छर्रा एक जूल शक्तीने सुटला तर त्याचा वेग सेकंदाला १०० मीटर, म्हणजे ताशी ३६० किलोमीटर होतो. म्हणूनच जपानच्या कायद्याने सुमारे ०.९८ जूलची मर्यादा घातली आहे. मुलांसाठीच्या बंदुका त्याहून पुष्कळ कमजोर असतात.

चांगल्या मैदानावरचे नियम साधे आहेत. डोळे चारही बाजूंनी झाकणारा चष्मा किंवा मुखवटा घातल्याशिवाय आत पाऊल नाही. खेळ थांबेपर्यंत तो काढायचा नाही. बंदुकीचा वेग यंत्राने मोजतात. मैदानाबाहेर नळीवर टोपण आणि बोट चापापासून दूर. अल्पवयीन खेळाडूला पालकांची लेखी संमती लागते. शिवाय पंच खेळत नाही. त्याचे काम फक्त पाहणे आणि वेळेवर थांबवणे.

आपल्याला हे नवे वाटायला नको. बोटांत धरून खडे उडवण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली, कारण त्याने शिकार होत नाही की शत्रू हटत नाही, पण दात तुटतो आणि डोळा फुटतो, असे हजरत अब्दुल्लाह बिन मुगफ्फल (रजि.) यांच्या हदीसमध्ये आहे. मशिदीतून किंवा बाजारातून बाण नेताना त्याचे टोक हातात धरून ठेवण्याचीही शिकवण आहे. त्याच मशिदीच्या आवारात हबशी लोक भाल्यांचे खेळ करत आणि आपण (स.) ते पाहत. खेळ मना नव्हता. बेपर्वाई मना होती.

तेव्हा अब्बा, चाचा, मामू, जे कोणी मुलांबरोबर असतील, त्यांच्यापैकी एकाने पंच व्हावे. त्याने मोबाइल खिशात ठेवावा. चष्मा नसेल तर बंदूक पिशवीत. किल्ल्यावर, गल्लीत, गच्चीवर हा खेळ नाहीच. तो मोकळ्या, सपाट जागेत, येणारे-जाणारे नसतील तिथे. माणसाच्या किंवा जनावराच्या तोंडावर नेम धरला की त्या दिवसाचा खेळ संपला. खेळणे घेताना आयएसआय चिन्ह पाहावे. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर ते १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे आहे.

एवढे करूनही डोळ्याला लागलेच, तर चोळू नये, दाबू नये, घरातले थेंब घालू नयेत. दुखणे थांबले तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावे. आतली इजा बाहेरून दिसत नाही.

परंड्याला जाताना बंदूक घरीच राहू द्या. मुलांना तोफा हात लावून पाहू द्या, बुरूज मोजू द्या आणि कडेला त्यांचा हात धरा.