खजान्याची वाट

अंबाजोगाईहून केज, नेकनूर, मांजरसुंबा करीत बीडला जाणारा रस्ता आम्ही दोघांनी उत्तरपत्रिका तपासणीच्या निमित्ताने इतक्या वेळा तुडवला आहे, की त्यावर पाहण्यासारखे काही उरले असेल असे आम्हांला वाटत नव्हते. मे महिन्यात तर नाहीच. बालाघाटाच्या त्या माळांना वाळवंट म्हणता येणार नाही, कारण वाळवंटाला स्वतःचे एक रूप असते. इथे नुसती काळी, भेगाळलेली ढेकळे आणि पिवळे पडलेले बांध. घाट उतरून बीड पाच-सहा किलोमीटरवर राहिले, की महामार्गालगत खजाना विहिरीकडे जाणारी वाट फुटते. आम्ही ती दर वर्षी ओलांडून जात असू.

गेल्या उन्हाळ्यात गाडी तापली म्हणून थांबलो, आणि ती थंड होईपर्यंत वेळ काढावा म्हणून आत वळलो. एरवी रस्त्याकडेची खूण म्हणजे दुरून दिसणारी एखादी उंच वस्तू, मनोरा वा घुमट. ही खूण जमिनीखाली आहे. अगदी कठड्याशी येईपर्यंत काही दिसत नाही, आणि मग एकदम पायांपुढे प्रचंड दगडी वर्तुळ उघडते. आत पाणी होते. वाट्याला आलेले साचलेले पाणी नव्हे. किंचित हलणारे, कुठून तरी येऊन कुठे तरी निघालेले.

मुर्तजा निजामशहाच्या काळात बीडचा जहागीरदार सलाबतखान याने हिजरी ९९१ मध्ये, म्हणजे इ. स. १५८३च्या सुमारास, ही विहीर बांधविली. रचनाकार म्हणून राजा भास्कर हे नाव घेतले जाते. हिला ना मोट लागते, ना मोटार. तळाशी भुयारे आहेत. काहींतून पाणी आत येते आणि एकातून बाहेर पडते. बाहेरची जमीन जितक्या उताराने खाली जाते, त्याहून भुयाराचा उतार मंद ठेवला, की पुढे कोठेतरी भुयाराचे तोंड आपोआप उघड्यावर येते आणि पाणी शिवारात शिरते. मलिक अंबरने सतराव्या शतकात औरंगाबादेत (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) नहर खेळवली, तीही अशीच उताराच्या हिशेबावर. पण बीडची विहीर तिच्याहून जुनी.

हे सारे आम्हांला त्या दिवशी प्रथम कळले असते, तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. आम्हांला ते दहा-बारा वर्षांपूर्वी कळविण्यात आले होते. बी. ए.च्या वर्गाला 'आमचे शिवार' असा निबंध दिला होता. दिवाळीनंतर वर्ग निम्मा रिकामा होतो, मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. म्हणून निबंध आधीच लिहून घेतलेले. त्यांत बीडकडच्या एका मुलाने लिहिले होते, की त्याच्या आजोळी पाणी भुयारातून आपल्या पायांनी शेतात चालत येते आणि ते कोणाला ओढावे लागत नाही. त्या ओळीखाली तांबडी रेघ मारून समासात शेरा दिला होता : 'कल्पनाविलास आवरा.' दोन गुण कापले होते. शेरा कोणाच्या अक्षरातला होता, हे आम्ही एकमेकांना विचारलेले नाही.

वर्गात आम्ही दासोपंत शिकवतो. दुष्काळात त्यांच्या वडिलांकडून वसूल भरला गेला नाही, तेव्हा बिदरच्या दरबाराने मुलाला ओलीस ठेवले आणि दत्तात्रेयाने पाडेवाराच्या रूपाने खजिना भरला, ही कथा आम्ही दर वर्षी रंगवून सांगतो. सुमारे चाळीस फूट लांबीच्या त्यांच्या पासोडीसमोर मुलांना उभे करतो. ही विहीर बांधली जात असताना दासोपंत तिशीत होते. देवाने भरलेला खजिना आमच्या अभ्यासक्रमात आहे; माणसाने जमिनीत ओतलेला नाही. विहिरीवर पाइप जोडायला आलेल्या एका शेतकरी मामांनी तर नावाची उपपत्तीच सांगितली : "सरकारचा सगळा खजिना हिच्यात गेला, मास्तर. दुसरा कोणचा खजिना न्हाई." ऐतिहासिक पुरावा मागण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही.

त्या मुलाचा निबंध कोणत्या वर्षीचा, हे आम्ही कठड्यावर बसून आठवत राहिलो. आडनाव दोघांनाही आठवेना. अक्षर मात्र आठवले. उजवीकडे झुकलेले, काना लांब ओढणारे. जुनी हजेरीपत्रके नंतर चाळून पाहिली, पण हजेरीपत्रकात नावे असतात, अक्षरे नसतात.

तपासणी केंद्रावर पोहोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. उशीर का झाला, असे विचारल्यावर आम्ही गाडी पंक्चर झाल्याचे सांगितले आणि गठ्ठा सोडला.